दुरून वाचायचे अक्षर

लंडनमध्ये टाइप ओतण्याचा कारखाना चालवणाऱ्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५ च्या आपल्या नमुनापुस्तकात (काही अभ्यासक ते १८१७ चे मानतात) एक नव्या धाटणीचे अक्षर दाखवले. त्याच्या उभ्या आणि आडव्या रेघा जवळजवळ एकाच जाडीच्या होत्या आणि रेघ जिथे संपते तिथे तितक्याच जाडीचा चौकोनी ठोकळा बसवलेला होता. तोवरची रोमन अक्षरे पुस्तकासाठी घडली होती. ती हातभर अंतरावरून, बसून, सवडीने वाचायची. फिगिन्सचे अक्षर भिंतीसाठी होते. सरकारी लॉटरीच्या जाहिराती, नाटकांची पत्रके, लिलावाच्या सूचना लंडनच्या रस्त्यांवर एकमेकींना ढकलत उभ्या होत्या आणि चालता माणूस थांबेल असे अक्षर छापखान्यांना हवे होते. आज आपण त्याला स्लॅब सेरिफ म्हणतो. १८२७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्सने लाकडात मोठी अक्षरे यंत्राने कोरण्याची युक्ती काढली आणि हे ठोकळेबाज अक्षर वीतभर उंचीचे झाले, तेही स्वस्तात. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीने ‘क्लॅरेंडन’ आणले. त्यात ठोकळा रेघेला हलक्या गोलाईने जोडला होता. बेस्लीने त्याची तीन वर्षांसाठी कायदेशीर नोंदणी केली आणि मुदत संपताच इतर कारखान्यांनी नकला काढल्या. क्लॅरेंडनने आणखी एक काम पत्करले. कोशातला मुख्य शब्द किंवा परिच्छेदातला महत्त्वाचा शब्द बाकीच्या मजकुरातून उठून दिसावा म्हणून साध्या अक्षराच्या शेजारी जाड अक्षर बसवण्याची रीत त्याच्यापासून रुळली.

मराठी मुद्रणाची सुरुवात याच दशकांतली. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी मजकूर निघू लागला. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. जांभेकर कोकणातल्या मालवणच्या उत्तरेकडच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ‘दर्पण’च्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी, दोन स्तंभांत छापलेला असे. इंग्रजी स्तंभामागे युरोपातल्या टाइपकारांची साडेतीनशे वर्षांची पुण्याई उभी होती. मराठी छपाईचा अनुभव जेमतेम एका पिढीचा. यावरून एक सोपा निष्कर्ष निघतो आणि मुद्रणाच्या इतिहासात तो बहुधा गृहीतच धरला जातो: रोमन लिपीला भिंतीवरचे दणकट अक्षर लवकर मिळाले, देवनागरीला उशिरा, कारण आपण मागे होतो. मला हा निष्कर्ष पटत नाही. मराठीला दुरून वाचायचे अक्षर मिळाले ते टाइपच्या कारखान्यातून नव्हे, तर हाताने. दगडावरून, कुंचल्यातून, जस्ताच्या ब्लॉकवरून ते आले. तसे होण्याला लिपीच्या रचनेत कारण होते आणि समाजाच्या घडणीतही. आणि या अक्षराने सर्वांत मोठी मजल मारली ती जाहिरातीत नाही, पंचांगात. ती मारणारा माणूस मालवणचा होता.

आधी लिपीचा हिशेब. फिगिन्सने आपले नवे अक्षर दाखवले ते फक्त मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलांत. इंग्रजी भित्तिपत्रकाचे तेवढ्यावर भागते. सव्वीस अक्षरे, दहा आकडे, थोडी विरामचिन्हे, एवढ्या चाळीसेक आकृत्यांचा संच लाकडात कोरला की गावातला छोटा छापखानाही वाटेल ती जाहिरात जुळवू शकतो. देवनागरीत कॅपिटल नाही. आणि अक्षरे मोजायला बसले तर स्वर, व्यंजने, मात्रा, रफार, जोडाक्षरे मिळून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. मुंबईच्या कारखान्यांनी त्यावर ‘डिग्री’ची पद्धत बसवली. मूळ अक्षर वेगळे, वरखालची चिन्हे वेगळी, आणि जुळाऱ्याने ती एकावर एक रचायची. तिला पर्याय ‘अखंड’ टाइपचा. त्यात मात्रेसह पूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर असते, पण खिळे कितीतरी वाढतात. मजकुराच्या आकारात हा खर्च सोसतो, कारण तेच खिळे पुस्तकामागून पुस्तकात चालतात. चार इंची लाकडी अक्षरांचा असा संच मात्र छापखान्याची खोली अडवेल आणि त्यातले निम्मे खिळे वर्षभरात एकदाही हाती लागणार नाहीत.

याचा पडताळा मालवणातच घेता येतो. ‘मालवण’ या शब्दाला वर मात्रा नाही, खाली उकार नाही. अक्षरे पाटीच्या पूर्ण उंचीची करता येतात. आता ‘सिंधुदुर्ग’ घ्या. वर वेलांटीची कमान, तिच्याशेजारी अनुस्वार, पुढे रफार. खाली दोन उकार. त्याच उंचीच्या पाटीवर हा शब्द बसवायचा तर वरखालची जागा आधी चिन्हांना द्यावी लागते आणि मूळ अक्षर आपोआप लहान होते. रोमनमध्ये तोच शब्द दहा कॅपिटलांचा, सगळी एका उंचीची, वरखाली काही नाही. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला आणि हे नाव सरकारी पाट्यांवर आले, तेव्हा प्रत्येक रंगाऱ्याला हा प्रश्न आपल्या कुंचल्याने सोडवावा लागला असणार. रंगारी तो सोडवू शकतो. उकार थोडा आखूड करील, रफार शेजारच्या पोकळीत ओढून घेईल, वेलांटी चपटी करील. लाकडात कोरून ठेवलेल्या अक्षराला अशी तडजोड करता येत नाही. ‘मालवण’ सोपा असला तरी निर्धोक मात्र नाही. त्यात पाच दंड ओळीने येतात. जाडी बेतालपणे वाढवली की शब्दाचे कुंपण होते, आणि ‘ण’च्या पोटातली पोकळी भरून येऊन तो ओळखूच येत नाही. पोकळ्या कुठे राखायच्या हे शब्दागणिक ठरते, अक्षरागणिक ठरत नाही. हाताचे पारडे इथे जड होते.

यावर एक आक्षेप लगेच येईल. देवनागरीला स्लॅब सेरिफची गरजच काय, शिरोरेखा हा तिचा जन्मजात ठोकळा आहे. आक्षेपात तथ्य आहे. बोरूचे टोक तिरके कापून लिहिले की उभा दंड आणि शिरोरेखा साधारण सारख्याच जाडीच्या उमटतात. रोमन अक्षरांत उभी रेघ जाड आणि आडवी बारीक असे जे अंतर पडत गेले होते आणि जे फिगिन्सला मुद्दाम पुसावे लागले, ते आपल्या पोथ्यांत फारसे नव्हतेच. त्या अर्थाने जुन्या पोथीचे अक्षर स्लॅब सेरिफच्या जवळचे आहे. पण ठोकळ्याचे काम नुसते जाडी देण्याचे नाही. तो प्रत्येक अक्षराला स्वतंत्र पाय देतो, एकेक अक्षर जमिनीवर उभे करतो. शिरोरेखा उलट अक्षरे एकत्र बांधते आणि शब्दाची एक पट्टी करते. तिची जाडी वाढवली की नजर वरच खिळते, आणि मराठी अक्षराची ओळख तर बहुतेक वेळा रेषेखाली असते. ‘व’ आणि ‘ब’, ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक शिरोरेखेची जाडी सांगत नाही. दंडाच्या तळाशी ठोकळा द्यावा, तर तिथे उकार, ऋकार, पायमोडी यांनी आधीच जागा धरलेली आहे. ‘कु’ मधला उकार दंडाच्या पायालाच लागतो. तिथे ठोकळा घातला तर दोन्हींची टक्कर ठरलेली. फिगिन्सचा उपाय आपल्याकडे उचलून आणता येण्यासारखा नव्हता आणि तो आला नाही यात कुणाचे मागासलेपण नाही.

मराठी मुद्रकांनी काय केले तेही पाहू. मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने १८३० च्या दशकात सुबक, लहान देवनागरी टाइप पाडले. त्याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. मराठी पंचांग छापले जाण्याची ही पहिली वेळ. त्यांनी पुढे स्वतःचे खिळेही पाडले, पण सुरुवात दगडाने केली ही गोष्ट महत्त्वाची आहे. दगडावर लिहिणाऱ्याला खिळ्यांची संख्या भेडसावत नाही. तो लेखणीने हवे ते, हव्या त्या आकारात लिहितो आणि दगड ते जसेच्या तसे उमटवतो. मुखपृष्ठावरचे मोठे, भरीव नाव आणि आतली बारीक कोष्टके एकाच हाताने लिहिता येतात. लहानपणी ग्रॅहमच्या हाताखाली राबलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपचा कारखाना आणि १८६९ मध्ये छापखाना काढला. छापखान्याचे नाव पडले ते त्यांच्या पंचांगावरून, निर्णयसागर. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी कापलेले टाइप इतके नेटके निघाले की संस्कृत ग्रंथांची छपाई निर्णयसागरच्या अक्षराने ओळखली जाऊ लागली. हे सारे कौशल्य कुठल्या दिशेला गेले ते पाहण्याजोगे आहे. लहान आकार, स्पष्ट पोकळी, एका पानात अधिक मजकूर, म्हणजे जवळून वाचण्याच्या दिशेला.

कुणी म्हणेल, जाड टाइप मराठीत होताच. छापखान्यात त्याला ‘ब्लॅक’ म्हणत आणि मथळे त्यातच जुळवत. बरोबर आहे. पण तो मथळ्यापुरता होता, मजकुरापेक्षा थोडा मोठा आणि थोडा काळा. भिंतीचा नव्हे. शब्द उठून दिसावा ही क्लॅरेंडनची दुसरी कामगिरी मराठीत निराळ्याच वाटेने पार पडलेली दिसते. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) उघडला की मराठी शब्द देवनागरीत आणि अर्थ इंग्रजीत. रोमन मजकुराच्या फिकट पानावर देवनागरी शब्द आपसूक गडद दिसतो. दोन लिप्यांनी ते काम उरकले, म्हणून जाड टाइपची निकड भासली नाही.

निकडीचा हा मुद्दा मला लिपीच्या हिशेबाइतकाच वजनदार वाटतो. ठळक अक्षर कुणासाठी असते? अनोळखी माणसासाठी. लंडनच्या भिंतीवरची जाहिरात ज्याला काहीच ठाऊक नाही अशा वाटसरूशी बोलत होती. मालवणच्या दशावताराला अशा अक्षराची गरज पडली नाही. देवळाची जत्रा तिथीने ठरलेली, दशावतारी मंडळी कोणत्या देवळात कधी येणार हे पंचक्रोशीला पिढ्यान्‌पिढ्या माहीत, खेळाचा विषय रामायण-महाभारतातला. बातमी द्यायचीच नव्हती तर भिंतीवर लिहायचे काय? गरज निर्माण झाली ती कोकणातला माणूस गिरणीच्या भोंग्यावर मुंबईला गेला तेव्हा. तिथे नाटकांच्या, पुढे सिनेमांच्या जाहिरातींना अनोळखी प्रेक्षक मिळाला आणि तिथेच मराठी ठळक अक्षराने पहिल्यांदा जोर धरला, तोही हातानेच. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक १९२४ मध्ये केले ते चित्रकाराच्या कुंचल्याने. पुढे वृत्तपत्रांत जस्ताचे ब्लॉक आले आणि कागदावर रेखलेले अक्षर लहानमोठे करून छापता येऊ लागले. कमल शेडगे यांनी टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात राहून या सोयीचे सोने केले. नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी प्रत्येक नाटकाच्या नावाला स्वतःचे अक्षर दिले, दशकानुदशके, २०२० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांची ओळख तीच राहिली. एकदा वापरलेले वळण पुढच्या नाटकाला तसेच लावायचे नाही, हा त्या कामाचा धर्म. टाइपचा धर्म नेमका उलट असतो, तेच अक्षर हजारदा वापरायचे. मराठी प्रेक्षकाने ठळक अक्षर पाहिले ते एका नावापुरते जन्मलेले अक्षर म्हणून. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचे मालवणी नाटक ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले, त्यात मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी उभे राहिले, आणि ज्या मालवणी बोलीला देवळासमोर जाहिरात लागत नव्हती तिचे नाटक मुंबईच्या वर्तमानपत्रात दहा इतर नाटकांच्या शेजारी जागा धरू लागले.

याच्या सात वर्षे आधी या सगळ्याहून मोठी गोष्ट घडून गेली होती. जयंतराव साळगांवकर १९२९ मध्ये मालवणात जन्मले. मुंबईत ते शब्दकोड्यांच्या स्पर्धांतून नावारूपाला आले, आणि १९७३ च्या वर्षासाठी त्यांनी ‘कालनिर्णय’ काढले. दिनदर्शिकेचे यश लोक सहसा तिच्यातल्या माहितीला देतात. पाककृती, आरोग्य, नामवंतांचे लेख ही सारी पानामागची श्रीमंती खरीच आहे. माझ्या मते निर्णायक गोष्ट पानाच्या पुढच्या बाजूला होती, प्रत्येक चौकटीतल्या त्या मोठ्या भरीव आकड्यात. गणपत कृष्णाजींपासून निर्णयसागर आणि ‘दाते पंचांगा’पर्यंतचे छापील पंचांग हे जवळून वाचायचे, तेही जाणकाराने. घटी-पळे, संक्षेप, कोष्टके वाचता येणारा माणूस गावात एखादाच. बाकीचे त्याला विचारायला जात. दुसरीकडे देवादिकांच्या चित्राखाली तारखेची पाने लावलेली कॅलेंडरे भिंतीवर होती, पण त्यांत तिथीला जवळजवळ जागा नव्हती. कालनिर्णयने दोन्ही अंतरे एका चौकटीत आणली. इंग्रजी तारीख खोलीच्या पलीकडून दिसेल एवढी जाड. तिच्याभोवती तिथी, नक्षत्र, सण, बारीक अक्षरात, जवळ गेले की सापडतील असे. वेळा घटी-पळांऐवजी घड्याळाच्या. पहिल्या नजरेचे काम एका अक्षराला आणि निवांत वाचनाचे काम दुसऱ्याला वाटून देणे, हेच फिगिन्सच्या अक्षराने लंडनच्या भिंतीवर आणि क्लॅरेंडनने कोशाच्या पानावर केले होते. आणि इथे लिपीचा हिशेबही आड आला नाही, कारण आकडे दहाच असतात. त्यांना मात्रा नाही, उकार नाही, रफार नाही. शेकडो खिळ्यांच्या लिपीला ठळक टाइप परवडत नव्हता. दहा आकड्यांना तो नेहमीच परवडत होता. ही सोय ओळखून पंचांगाच्या पानाची सगळी मांडणी तिच्यावर उभी केली, यात मला साळगांवकरांची खरी प्रतिभा दिसते.

या मांडणीने परंपरेवर अन्याय केला असे कुणी म्हणू शकेल. चैत्राने सुरू होणारे वर्ष जानेवारीच्या चौकटीत कोंबले, ठळक मान इंग्रजी तारखेला दिला, तिथी कोपऱ्यात लोटली. दिसायला तसे आहे. पण कोपऱ्यात असलेली तिथी आता प्रत्येक घरात होती आणि ती वाचायला मध्यस्थ लागत नव्हता. मालवणच्या किनाऱ्यावर तिथी हा केवळ व्रताचा विषय नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. होडी कधी लोटायची, रापणीचे जाळे कधी ओढायचे याचा अंदाज तिथीवरून बांधला जातो. बँक, शाळा, रजा ठळक आकड्यावरून पाहायच्या आणि समुद्र बारीक अक्षरावरून, असे दोन हिशेब एकाच पानावर चालू लागले. नारळी पौर्णिमेच्या दिवशी ते एकत्र येतात, ती अनेक ठिकाणी शाळांची सुट्टी असते आणि दर्याला नारळ अर्पण करण्याचा दिवसही. लहान छापले म्हणून कमी मोलाचे, हे समीकरण जाहिरातीला लागू असेल; पंचांगाला ते लागू पडत नाही.

शेवटचा आक्षेप आजचा आहे आणि सर्वांत कठीण आहे. संगणकावर देवनागरीचे जाडजूड टाइप आता सहज मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मोदक’ केला, त्यात अक्षराच्या पोकळ्या जवळजवळ मिटेपर्यंत जाडी नेली आहे आणि तरी शब्द वाचता येतो. त्यांचाच ‘बालू’ दुकानांच्या पाट्यांवर, पिशव्यांवर सगळीकडे दिसतो. म्हणजे हे शक्य होते. मग शतकभर झाले नाही ही उपेक्षाच नव्हे काय? मी उलट म्हणेन. शिशात आणि लाकडात प्रत्येक जोडाक्षराची किंमत मोजावी लागे. संगणकात शेकडो आकृत्यांचे वजन शून्य असते आणि कोणती मात्रा कुठे सरकवायची हे टाइपमध्येच लिहून ठेवता येते, म्हणजे रंगाऱ्याचा हात आता टाइपच्या आत गेला आहे. किंमत उतरताच ठळक देवनागरी काही वर्षांत बहरली. अडसर दृष्टीचा असता तर ती इतक्या झटपट आली नसती. आणि आलेल्या टाइपांनी स्लॅब सेरिफची नक्कल केली नाही, हेही पाहावे. ‘कर्म’ या टाइपचा रोमन भाग स्लॅब सेरिफचा आहे. त्याच्या देवनागरी भागाला तसले पाय दिलेले नाहीत. ‘मोदक’ने तर पायांचा विचारच केला नाही, गोलाईतून वजन आणले. रचनेचे जे कारण फिगिन्सच्या काळी खरे होते ते आजही खरे आहे.

या बहरात एक गोष्ट मात्र हातची जाते आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाटते. एसटीच्या पाटीवर ‘मालवण’ लिहिणारा, होडीच्या नाळेवर तिचे नाव रंगवणारा रंगारी त्या त्या शब्दासाठी अक्षर घडवत होता. फ्लेक्सवर तेच दोन-चार टाइप कुडाळपासून कणकवलीपर्यंत सारखे दिसतात, आणि ‘सिंधुदुर्ग’चे उकार पुन्हा चौकटीबाहेर कापले जातात, कारण टाइप उत्तम असला तरी शब्द बसवणाऱ्याला त्याच्याकडे पाहायला उसंत नसते. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याजवळ आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा भरते. तिची तारीख तिथीने बांधलेली नाही. गावकरी देवीचा कौल घेऊन ती ठरवतात, म्हणून वर्षभर आधी छापलेल्या कोणत्याही दिनदर्शिकेत ती नसते. ठरली की मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत ती पोचवावी लागते, रेल्वे जादा गाड्या सोडते, आणि रस्ते जाड अक्षरांच्या फलकांनी भरून जातात. दशावताराला जे अक्षर लागले नव्हते ते या जत्रेला खरोखर लागते, कारण इथे दरवर्षी नवी बातमी द्यायची असते. त्या फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे आणि तारीख लहान असते. ती तारीख सर्वांत जाड, सर्वांत मोठी, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल अशी छापायला हवी.